सरळ रेघेला पोट

रेघ सरळ आहे की नाही हे सांगायला मला पट्टी लागत नाही, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. कुणाच्या घराची चौकट, भिंतीवरचा फोटो, लग्नातला मांडवाचा खांब, काही म्हणून तिरकं असलं की मला आधी टोचतं. बायको म्हणते, "तुमच्यासंगं कुणाकडं चहाला जायची सोय न्हाई. बसल्या बसल्या लोकांच्या भिंती मापता." म्हणो बापडी. माझं पोटच त्या नजरेवर आहे.

मी यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढतो. कारेगावात छोटी छोटी वर्कशॉप आहेत, त्यांना एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांची कामं मिळतात, आणि त्या कामातल्या प्रत्येक प्लेटचं, प्रत्येक भोकाचं माप कागदावर मांडून देणारा कुणीतरी लागतो. तो मी. आधी तिथंच नोकरी केली. रोजची ये-जा आणि साहेबांची कटकट नकोशी झाली तेव्हा निमोण्यात घरी परत आलो, मागच्या खोलीत टेबल टाकलं, एक दमदार लॅपटॉप घेतला आणि त्याला दोन मोठे फोर-के मॉनिटर जोडले.

ते मॉनिटर म्हणजे माझा जीव. साध्या स्क्रीनवर तिरकी रेघ काढली की तिला पायऱ्या पडतात, आणि दोन रेघा जवळ आल्या की एकमेकींत मिसळून जातात. ह्यांच्यावर केसाएवढ्या रेघासुद्धा सुट्या सुट्या दिसतात. पहिल्या दिवशी प्रोग्रामची बटणं मोहरीएवढी झाली आणि मी सेटिंग शोधत, शिव्या घालत बसलो. पण एकदा बसलं की बसलं. अख्खं फिक्श्चर एका स्क्रीनवर आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या स्क्रीनवर. फिक्श्चर म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारा सांगाडा. त्यात एक भोक इकडचं तिकडं झालं की त्यावर वेल्ड होणारा प्रत्येक भाग चुकतो.

गल्लीतले लोक बघायला आले होते तेव्हा. एक चुलते बराच वेळ मागं हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा मोठा टीव्ही आन् त्यावर नुसत्या रेघाच? मॅच तरी लाव की." आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांना अभिमानानं म्हणाले, "त्या रेघांवर कंपन्या चालत्यात." कंपन्या कसल्या चालतात, पण मला बरं वाटलं.

उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. आप्पा आणि बायको वावरात, मी मागच्या खोलीत. बाहेर ऊन, आत पंखा, आणि समोर कारेगावच्या एका मालकाचं मोठं काम. फिक्श्चरच्या तळाची एक लांबलचक बेसप्लेट होती. तिच्या खालच्या रेघेकडं माझी नजर गेली आणि मी थांबलो. रेघेला पोट सुटलं होतं. मधोमध जराशी खाली झोल खाल्लेली, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी.

म्हटलं, धूळ असेल. फडक्यानं पुसलं. म्हटलं, चुकून वक्र काढला गेला असेल. प्रोग्रामला विचारलं, तर तो म्हणतो रेघ सरळ. झूम केलं, तर रेघ सरळ झाली आणि शेजारचीला पोट आलं. ज्या रेघेकडं बघावं तिला पोट. नजर हलली की पोट हलतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. मनात म्हटलं, लुटलं त्या दुकानदारानं, पॅनेल वाकलंय. दुसऱ्या मॉनिटरवर बघितलं तर तिथंही तेच, तर म्हटलं दोन्ही एकाच खराब लॉटमधले. माणूस एकदा भांडायचं ठरवून बसला की त्याला कारणं मिळतात.

शिरूरच्या त्या दुकानदाराला फोन लावला. "तुम्ही मला वाकडा माल दिला," मी म्हणालो. तो म्हणाला, "दादा, मॉनिटर वाकडा कसा हुईल? तो काय पत्रा हाय व्हय?" मी म्हणालो, "मला शिकवू नका, रेघांत आयुष्य गेलंय माझं." शेवटी तो वैतागून म्हणाला, "आणा मग. बघू."

एक मॉनिटर गोधडीत गुंडाळला आणि मेव्हण्याच्या पिकअपमधून शिरूरला नेला. काचेला धक्का लागू नये म्हणून मागं हौद्यात मी स्वतः त्याला धरून बसलो. दुकानदारानं काउंटरवर तो लावला, मी माझ्या पेनड्राइव्हमधली बेसप्लेट उघडली आणि बोट ठेवलं. "ही बघा. दिसतंय का पोट?"

दुकानदारानं बघितलं. त्याच्या माणसानं बघितलं. मोबाईलला काच बसवायला आलेल्या एका बाईनंही वाकून बघितलं. "सरळ हाय की," ती म्हणाली. मला राग आला. बाईंना काय कळतंय ड्रॉइंगमधलं, असं तोंडावर आलं होतं. मी शर्टाच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली. ती माझ्याकडं कायम असते. "थांबा, दाखवतोच," म्हणालो आणि पट्टी त्या रेघेला लावली.

पट्टीलाही पोट होतं.

स्टीलच्या पट्टीला. मी ती उचलून हातात घेतली, समोर धरली, उलटी केली. खाली झोल होताच. मी दुकानाच्या शटरकडं बघितलं तर शटरच्या पट्ट्या मधोमध एकमेकींत घुसल्यासारख्या दिसल्या. मी पट्टी खिशात ठेवली. दुकानदार विचारत होता, "काय झालं?" आणि मी म्हणालो, "काही नाही, केबलचं असेल." तो हसला, म्हणाला, "मी तवाच म्हनलो हुतो." त्याला मी काहीच उलटं बोललो नाही. मेव्हण्याला तेवढ्यावरून संशय आला. रस्ताभर तो विचारत होता, "दाजी, बरं न्हाई का?"

घरी आलो, मॉनिटर जागेवर लावला आणि खोलीचं दार लोटून एक एक डोळा झाकून बघितला. उजव्या डोळ्यानं सगळं लख्ख. डाव्या डोळ्यानं सगळ्या रेघा मधोमध आत ओढल्यासारख्या, आणि मध्यावर चहाच्या डागासारखा एक फिकट गोल. पुन्हा बघितलं. तोंड धुऊन बघितलं. पुन्हा तेच. मला जी भीती वाटली ती सांगता येत नाही. मला दुसरं काही येत नाही. कांदा काढायला गेलो तर आप्पाच म्हणतात, "तू बाजूला हो, कांदे तुडवतूस." डोळा गेला तर मी काय करणार, हा एकच प्रश्न मला सुचत होता, आणि त्याच्यापुढं काहीच सुचत नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की डॉक्टरकडं जावं लागणार, आणि डॉक्टर काय म्हणेल हे मला ऐकायचं नव्हतं. म्हटलं, उन्हानं झालं असेल, उतरेल. कारेगावच्या मालकाचा फोन रोज येत होता. "कुठवर आलं?" "झालंच." मी डावा डोळा तळव्यानं झाकायचो आणि उजव्यानं काम करायचो. अक्षरं मोठी केली, तरी सहा आणि आठचा भरवसा वाटेना. एकाच भोकाचं माप मी पुन्हा पुन्हा वाचायचो. ड्रॉइंग पाठवून झालं की मनात शंका सुरू. सहा लिहिलं की आठ? मग वर्कशॉपमध्ये फोन करायचा, तिथल्या माणसाला उगाच विचारायचं, "प्रिंट नीट आली का? जरा मापं वाचून दाखवा बरं." तो बिहारी पोरगा मराठी-हिंदी मिसळून सगळी मापं वाचायचा आणि शेवटी म्हणायचा, "साहब, सब ठीक है, टेन्शन क्यूँ लेते हो?" मला सांगायचं होतं त्याला, का घेतो ते.

आणि उजवाही गेला तर? हे डोक्यात आलं की मी उठून अंगणात जायचो. विजेच्या तारा बघायचो. घराच्या पत्र्याची कड बघायची, शेजारच्या टाकीचा पाइप बघायचा. उजवा डोळा, डावा डोळा, उजवा डोळा. शेजारीण म्हणाली म्हणे, "ह्यांना काय झालंय, खांबाला डोळे घालत्यात."

बायकोनं एक दिवस पकडलंच. कांद्याची माती लागलेल्या हातानं ती दारात उभी, मी डोळ्यावर हात ठेवून स्क्रीनसमोर. "काय हो," ती म्हणाली, "आता स्क्रीनला डोळा मारताय व्हय?" मी हसायला गेलो आणि हसू आलंच नाही. सगळं सांगून टाकलं, शिरूरच्या दुकानापासून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काय म्हणाली असेल? "त्या दुकानदाराला उगंच बोलला की वो तुम्ही." मग तिचा आवाज चढला. "एवढे दिवस गिळून बसला? अक्कल गहाण टाकली का?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पुण्यात.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, बसवून ठेवलं, परत थेंब घातले. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतला स्कॅन काढला. मग डॉक्टरांनी बोलावलं. बाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी पोस्टकार्डाएवढा एक कागद दिला. त्यावर गणिताच्या वहीसारख्या चौकटी आणि मधोमध एक काळा टिपका. "उजवा डोळा झाका, टिपक्याकडं बघत राहा, आणि रेघा जिथं वाकतात तिथं पेन्सिलीनं तशाच काढून दाखवा."

मी पेन्सिल घेतली. समोर रेघा मधोमध आत खेचलेल्या दिसत होत्या. पण माझा हात काही वाकेना. मला माहीत होतं ना, कागदावरच्या रेघा सरळ आहेत. मी त्यांच्यावरून सरळच पेन्सिल फिरवली आणि एका ठिकाणी जराशी हलवली, दाखवायला. "एवढंच आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कागद बघितला, मग स्कॅन बघितला. "इथं तर बरंच दिसतंय. तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. त्या हसल्या. "मग बरोबर. कागदावर काय आहे ते तुम्ही काढताय. मला ते नकोय. तुम्हाला काय दिसतं ते काढा."

आता ह्यांना कसं सांगू? आमच्या धंद्यात तोंडी बोललेलं कुणी धरत नाही. जे ड्रॉइंगवर आलं ते पक्कं. मी ते पोट स्वतःच्या हातानं कागदावर काढलं असतं म्हणजे ते खरंच झालं असतं. मला भीती वाटत होती, निव्वळ भीती. बायकोनं मागून पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काढा. मी हाय न्हवं." मग मी काढलं. टिपक्याच्या चारी बाजूंनी रेघा आत ओढून घेतल्या, जशा दिसत होत्या तशाच, एकही सुधारली नाही. जन्मात पहिल्यांदा समजून उमजून वाकडं ड्रॉइंग काढलं आणि काढता काढता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थेंबांमुळं होतंय असं मी म्हणालो.

डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साचलंय, असं त्यांनी सांगितलं. भिंतीला ओल आली की गिलावा फुगतो, तसं. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप सुकतं, काहींचं राहतं, हेही सांगितलं. मग विचारलं, "कुठलं स्टेरॉइड घेता का? गोळ्या, इंजेक्शन, मलम, काहीही?"

"नाही," मी म्हणालो.

"पुड्या सांगा की," बायको म्हणाली.

पुड्या अशा. दिवसदिवस खुर्चीत बसून माझी कंबर धरली होती. आप्पा गुडघ्यांसाठी कित्येक वर्षं एकाकडून पुड्या आणतात. नदी ओलांडून दौंड तालुक्यात, यवतच्या पुढं हायवेच्या कडंला तो बसतो. झाडपाल्याचं औषध म्हणून देतो. माझी कंबर बघून आप्पांनी आपल्यातल्या पुड्या मला द्यायला सुरुवात केली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "अरं घे, मला लागतील तर मी अजून आणीन." आणि खरं सांगतो, दोन घेतल्या आणि कंबरदुखी गायबच, मग रोजच घ्यायला लागलो. मी सगळ्या कारेगावला सांगत सुटलो होतो, काय गुण आहे म्हणून.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि त्यानं डोळ्यात असं पाणी साचू शकतं. तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण तुम्ही त्या थांबवा. आणि वडील वर्षानुवर्षं घेत असतील तर त्यांना एकदम बंद करायला लावू नका, तेही धोक्याचं असतं. त्यांना इकडं घेऊन या." तो चौकटींचा एक कोरा कागद त्यांनी घरी न्यायला दिला. रोज बघायचं, वाढतंय की कमी होतंय.

गाडीत बसल्यावर मला आप्पांचा इतका राग आला की बायको म्हणाली, "घरी गेल्यावर तोंड आवरा." नाही आवरलं. दारातूनच सुरू झालो. "कुठल्या भोंदूकडनं काय आणता आणि पोरांच्या घशात घालता! माझा डोळा चाललाय!" आप्पा ओट्यावर कांद्याच्या गोण्या शिवत होते. सुई हातात तशीच राहिली. "मी काय तुला इख दिलं व्हय रं?" एवढंच म्हणाले. मग उठून गोठ्याकडं गेले आणि जेवायलाही आले नाहीत. बायकोनं ताट तिकडं नेऊन दिलं. त्यांना पुण्याला यायला सांगितलं तर तिला म्हणाले, "कांदा बराकीत साठवून झाल्यावर बघू. मला काय झालंय?"

सकाळी मी तो कागद मॉनिटरच्या शेजारी भिंतीवर चिकटवला आणि एक एक डोळा झाकून बघत बसलो. पोट होतं तेवढंच होतं. आप्पा आत आले, हातात माझा चहा. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, चहा आणून देतात. मी कप घेतला. ते उभेच राहिले.

"ह्ये काय लावलंय?"

"डोळा तपासायचा कागद. एक डोळा झाकायचा आणि त्या मधल्या टिपक्याकडं बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर डोळ्यात बिघाड."

आप्पांनी चष्मा सारखा केला, डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि कागदाजवळ गेले. मग आणखी जवळ गेले.

"टिपका कुठं हाय?"

"आप्पा, चेष्टा करू नका."

"चेष्टा कशाला करू? कडंच्या चौकटी दिसत्यात. मधी काय न्हाई. धुकट हाय नुसतं."

मी कप ठेवला आणि त्यांचा हात धरून दुसऱ्या डोळ्यावर नेला. "आता बघा."

"हां. ह्यो काय टिपका. दिसतोय की."

"आप्पा, कवापासनं हाय हे?"

"मला काय ठावं?" ते म्हणाले. "एक डोळा झाकून कोण बघतंय? कांद्याच्या वाफ्यात टिपका असतोय व्हय?"

मला रडूच कोसळलं, खोटं कशाला बोलू. माझ्या एका रेघेला जरासं पोट सुटलं तर मी शिरूर डोक्यावर घेतलं, आणि ह्या माणसाच्या एका डोळ्याचा मध्यच गेलेला, तोही कधी गेला ते त्यांनाच माहीत नाही. मी म्हणालो, "चला, कपडे बदला. आत्ताच्या गाडीनं जायचं. कांद्याचं आम्ही बघू."

आप्पा हलले नाहीत. एकदा हा डोळा, एकदा तो, असं आलटून पालटून कागदाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "माझं ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "तुझा नीट हुईल म्हनली न्हवं ती डॉक्टरीण?"